मानेवरची वीज आणि गेलेला आवाज

तर मंडळी, या वीकेंडचा विषय जरा विचित्र आहे. एखाद्याचा आवाज गेला आणि त्याच्या मानेला बाहेरून विजेचे झटके दिले, तर आवाज परत येतो का?

प्रश्न माझा नाही, मामेभावाचा आहे. आमचं गाव धर्माबाद. नांदेड जिल्ह्याचं पार टोक, पुढचं स्टेशन बासर म्हणजे तेलंगण सुरू. गावाची ओळख लाल मिरची. मोसमात मोंढ्याजवळ गेलं की डोळ्यांच्या आधी नाकाला पत्ता लागतो. मामांची सगळी हयात त्या मोंढ्यात गेली, अडतीच्या दुकानात, सौदे पुकारण्यात. ठसका लागलेला, कल्ला चाललेला, पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या, आणि त्यात ज्याचा आवाज शेवटच्या हमालापर्यंत पोचतो त्याचं पोट चालतं. गेल्या वर्षी मामांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं (हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही). शुद्धीवर आले तर आवाजाच्या जागी नुसती हवा. एक वाक्य बोलायला तीन श्वास. दीड महिन्याने मामेभावाचा फोन आला.

"दादा, बापूंच्या गळ्याला करंट द्यायलेत बघ. तीस दिवसांचं पॅकेज सांगायलेत. फायदा होतो का नुसताच खर्च? तू बघ की जरा कॉम्प्युटरवर."

कॉम्प्युटरवाला म्हणजे सर्वज्ञ, हा गावाकडचा समज मी कधी खोडून काढलेला नाही. बरा असतो तो. मग बसलो वाचत. एका रात्रीत उत्तर मिळेल असं वाटलं होतं, तीन वीकेंड गेले. कारण मानेवरच्या विजेचा इतिहास चांगला दीडशे वर्षांचा निघाला, आणि त्यात डॉक्टर, गाणारे, भाबडे, दुष्ट असे सगळ्या प्रकारचे लोक आहेत.

आधी आवाजाचं वायरिंग समजून घेऊ. मानेत काहीतरी असं आहे की जे दुखावलं तर आवाज जातो, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होतं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांची यादी आहे, त्यात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना नीला आणि मन्या नावाच्या चार धमन्या सांगितल्यात. तिथे इजा झाली तर माणूस मुका होतो, आवाज बिघडतो, चव कळत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. तिकडे दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलनने तर जिवंत डुकरावर जाहीर प्रयोग करून दाखवला. डुक्कर ओरडतंय, गॅलन मानेतल्या बारीक नसा बांधतो, आणि डुक्कर धडपडत राहतं पण ओरडणं बंद! (प्रयोग क्रूर आहे, पण बघायला आलेल्यांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा.)

या नसेचा मार्ग मोठा गमतीचा आहे. मेंदूतून निघाली की तिने सरळ गळ्यात यावं ना? नाही. डावीकडची नस गळ्याच्या शेजारून खाली छातीत जाते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि परत वर स्वरयंत्राकडे येते. जिराफात हा फेरा काही मीटरचा होतो. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. कोणे एके काळी माशात तो रस्ता जवळचा होता, नंतर मान लांबत गेली आणि कुणी ते परत लिहिलं नाही. वर येताना ही नस नेमकी थायरॉइडला चिकटून जाते. म्हणून थायरॉइड काढणारा सर्जन कितीही चांगला असला तरी त्याला या नसेची धास्ती असते. ती नुसती ताणली गेली, सुजली, तरी त्या बाजूचा स्वरतंतू हलायचा थांबतो. दोन तंतू मध्ये येऊन एकमेकांना भिडले तर आवाज. एक अडून बसला की मधली फट राहते आणि हवा वाया जाते. मामांचं हेच झालं होतं. पण हे आम्हाला नंतर कळलं, त्याबद्दल पुढे.

आता वीज. बोलोन्याच्या गॅल्व्हानीने बेडकाच्या तंगड्या उडवल्या आणि १७९१ साली ते छापलं, हे शाळेत शिकलोय. १८०० साली व्होल्टाची बॅटरी आली आणि मग युरोपात वेडच लागलं. गॅल्व्हानीचा भाचा अल्दिनी याने जानेवारी १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या एका माणसाच्या प्रेतावर बॅटरी लावली. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. १८१८ मध्ये ग्लासगोला अँड्र्यू युअरने असाच प्रयोग केला, छातीच्या पडद्याच्या नसेला वीज दिली तर प्रेताची छाती भात्यासारखी वरखाली झाली. पाहणारे घाबरले. पण इतकं सगळं होऊन एकाही प्रेताच्या तोंडून शब्द काय, साधा हुंकार निघाला नाही.

याच्या उलट गोष्ट बघा. १८३०च्या दशकात बर्लिनच्या योहानेस म्युलरने प्रेतांची स्वरयंत्रं काढून घेतली, स्वरतंतूंना वजनं लावून ताण दिला आणि खालून हवा फुंकली. आवाज आला! विजेचा संबंध नाही. हवा आणि ताण, बस. म्हणजे विजेने स्नायू उडवणं वेगळं आणि आवाज काढणं वेगळं. हे तेव्हाच लक्षात घेतलं असतं तर पुढचा बराच गोंधळ टळला असता.

पुढची पायरी एका गाण्याच्या मास्तरने चढवली याचं मला फार कौतुक आहे. मॅन्युएल गार्सिया, लंडनला गाणं शिकवणारा. १८५४ साली सुट्टीत पॅरिसला असताना त्याला सुचलं की दातांच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा आरसा घशात धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या आरशाने त्यावर ऊन पाडायचं. जिवंत माणसाचे, स्वतःचेच, स्वरतंतू त्याने उघडझाप करताना पाहिले. १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. दोन आरसे आणि सूर्य. खर्च जवळजवळ शून्य. (हा गृहस्थ १०१ वर्षं जगला. रियाजाचा परिणाम असावा.)

त्याच १८५५ साली पॅरिसमध्येच ड्यूशेन नावाच्या डॉक्टरचं पुस्तक आलं. कोरड्या कातडीवर वीज लावली तर ती कातडीतच चटका देते, पण इलेक्ट्रोड ओले केले तर आतल्या स्नायूपर्यंत पोचते, सुई टोचायची गरज नाही, हे त्याने दाखवलं. आज फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ओल्या पट्ट्या किंवा जेल लावलेल्या चकत्या दिसतात त्या या घराण्यातल्या. तर आरसा आणि ओली वीज, दोन्ही एकाच वर्षी हाताशी आले.

या दोन्हींची गाठ घातली लंडनच्या मॉरेल मॅकेंझीने. घशाच्या आजारांसाठी वेगळं हॉस्पिटल काढणारा हा माणूस, पुढे जर्मनीच्या युवराजाच्या घशावर उपचार करून वादात सापडला तोच. आवाज गेलेल्या पेशंटच्या स्वरयंत्रात तो आरशात बघत एक इलेक्ट्रोड सोडायचा, दुसरा टोक मानेवर बाहेरून. आणि आवाज येत असे! कित्येकदा पहिल्याच झटक्याला. वर्षवर्ष कुजबुजत बोलणाऱ्या बायका किंचाळत उठायच्या आणि मग बोलायला लागायच्या.

इथे थांबा. या पेशंटांमध्ये एक गोष्ट समान होती. त्यांना बोलता येत नसे, पण खोकला मात्र खणखणीत येत असे. खोकायला दोन्ही स्वरतंतू घट्ट मिटावे लागतात. म्हणजे नस शाबूत, स्नायू शाबूत, हार्डवेअर ठणठणीत. बिघाड वरच्या थरात होता. धक्का, दुःख, घरातला कोंडमारा, कधी साध्या सर्दीनंतर हरवलेली सवय. अशा माणसाच्या घशाला झटका दिला की अभावितपणे आवाज निघतो, आणि एकदा निघाला की तो "आहे" हे त्याला कळतं. आजचे स्पीच थेरपिस्ट तेच काम खोकायला लावून, गुळण्या करायला लावून, गुणगुणायला लावून करतात. विजेशिवाय. पण एकोणिसाव्या शतकात श्रेय कुणाला मिळालं? मशीनला. आणि मशीनची ती कीर्ती जी झाली ती झालीच.

ती कीर्ती पुढे किती भयंकर वळणावर गेली ते पहिल्या महायुद्धात दिसतं. खंदकातून परत आलेले हजारो सैनिक थरथरत होते, चालू शकत नव्हते, आणि त्यातले बरेच मुके झाले होते. घशाला जखम नाही, तरी आवाज नाही. सरकारांना ते परत आघाडीवर हवे होते. जर्मनीत फ्रिट्झ काउफमान याने १९१६ मध्ये जोरदार वीज आणि लष्करी हुकूम यांची एक पद्धतच छापली. लंडनला क्वीन स्क्वेअरच्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये लुईस यीलँड नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याचं १९१८ चं पुस्तक आहे, त्यातला पहिलाच पेशंट चोवीस वर्षांचा शिपाई. मॉन्सपासून आर्मेंतिएरपर्यंत नऊ मोठ्या लढाया लढलेला. सॅलोनिकाला घोड्यांची निगा राखताना उन्हात कोसळला, शुद्धीवर आला तेव्हा अंग थरथरत होतं आणि वाचा गेलेली. नऊ महिने मुका. यीलँडकडे येण्याआधी त्याला खुर्चीला बांधून मानेला वीज देऊन झाली होती, जिभेला पेटती सिगरेट लावून झाली होती, घशात तापलेली पट्टी लावून झाली होती.

यीलँडने त्याला अंधाऱ्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि पहिल्यासारखं बोलल्याशिवाय या खोलीतून सुटका नाही असं सांगितलं. घशात मागे इलेक्ट्रोड लावल्यावर तो शिपाई इतक्या जोरात मागे उसळला की बॅटरीच्या वायरी सुटल्या. तासाभराने कुजबुजता "आ" निघाला. मग स्वर फुटावा म्हणून मानेवर बाहेरून झटके. थरथर एका हातातून दुसऱ्या हातात, मग पायात गेली, तिथेतिथे वीज. चार तासांनी तो बोलायला लागला आणि त्याने डॉक्टरचे आभार मानले! हे सगळं खुद्द यीलँडनेच लिहून ठेवलंय, यश म्हणून. पॅट बार्करच्या १९९१ च्या 'रीजनरेशन' कादंबरीत हा प्रसंग येतो. मी ती आधी वाचली होती आणि मला वाटलं होतं लेखिकेने रंगवून लिहिलंय. नाही, मूळ केस वाचताना जास्त अंगावर येते, कारण ती थंडपणे लिहिलेली आहे.

यीलँडला राक्षस म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याच्यासोबत १९१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध लिहिणारा सहलेखक एडगर एड्रियन होता, ज्याला मज्जापेशींवरच्या कामासाठी १९३२ चं नोबेल मिळालं. म्हणजे अडाणी माणसांचा खेळ नव्हता हा. त्यांनाही ठाऊक होतं की वीज इथे दुरुस्ती करत नाही, ती पटवून देते (आणि न पटल्यास दुखवते). १९२० साली व्हिएन्नात वॅग्नर-याउरेग या प्राध्यापकाच्या विजेच्या उपचारांची चौकशी झाली, त्यात खुद्द फ्रॉइडने मत मांडलं. प्राध्यापक निर्दोष सुटले आणि १९२७ मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं, वेगळ्याच कामासाठी. असो.

आपल्याकडे ही मशीनं रुळली ती फिजिओथेरपीबरोबर. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत के.ई.एम. हॉस्पिटलला फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. आता तालुक्याच्या गावीही तोंड वाकडं झालं की "करंट घ्या" हा सल्ला मिळतो. आवाजावर काम करणारा स्पीच थेरपिस्ट मात्र तालुक्याला सहसा सापडत नाही. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची, आणि नाव ज्यांचं ते उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले हैदराबादचे गृहस्थ, नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल. नाव आमच्या जुन्या संस्थानाचं, संस्था धर्माबादपासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर. मशीन टेबलावर मावतं म्हणून ते आधी गावात पोचतं. माणूस घडायला चार वर्षं लागतात.

तर मामा. मी भावाला पहिला प्रश्न विचारला, "आत कॅमेरा घालून बघितलं का कुणी? तंतू हलतोय का?" उत्तर आलं, "नाही बा, डायरेक्ट मशीन लावलं." गार्सियाच्या आरशाला पावणेदोनशे वर्षं होत आली आणि तीस दिवसांचं पॅकेज तो आरसा न बघता विकलं गेलं. मग नांदेडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नाकातून बारीक दुर्बीण घातली. व्हिडिओ भावाने व्हॉट्सॲपवर पाठवला. उजवा तंतू टुणकन मध्ये येतो, डावा जागचा हलत नाही. मी तो वीसेक वेळा पाहिला असेन.

म्हणजे मामा मॅकेंझीच्या बायकांसारखे नव्हते, यीलँडच्या शिपायासारखे तर मुळीच नव्हते. इथे नसच दुखावली होती. मग वीज काय करणार? यात दोन अडचणी आहेत. पहिली ड्यूशेननंतर थोड्याच वर्षांत जर्मनीच्या एर्बने सांगितलेली. नस मेलेल्या स्नायूला विजेचे भराभर येणारे छोटे ठोके कळत नाहीत, त्याला लांब, सावकाश ठोका लागतो. गिळण्याच्या त्रासासाठी जी मशीनं अमेरिकेत या शतकाच्या सुरुवातीपासून चालली, त्यांचा ठोका असतो ३०० मायक्रोसेकंदांचा, सेकंदाला ८० वेळा. हे जिवंत नसेला कळतं. मेलेल्या नसेच्या स्नायूला ती भाषाच समजत नाही.

दुसरी अडचण जागेची. स्वरतंतू कंठमण्याच्या कूर्चेच्या आत, खोल. वर कातडी, चरबी, आणि मानेचे पट्ट्यांसारखे स्नायू. वीज जवळच्याला आधी पकडते. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये क्रिस्टी लडलो, इयानेसा हंबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट मोजलं. २००६ च्या निबंधात त्यांना दिसलं की मानेवर वीज दिली की स्वरयंत्र वर यायच्या ऐवजी खाली ओढलं जातं, कारण वरचे पट्टे आखडतात. २००८ मध्ये त्यांनी २७ निरोगी माणसांच्या मानेवर १० वेगवेगळ्या जागी इलेक्ट्रोड लावून, दुर्बिणीतून स्वरतंतूंमधला कोन मोजला. दोनच मांडण्यांत काही फरक पडला. हनुवटीखाली आडवे लावले तर तंतू सरासरी २.८ अंश जवळ आले. मानेवर उभे लावले तर २.४ अंश लांब गेले! घड्याळाचा मिनिटकाटा अर्ध्या मिनिटात तीन अंश सरकतो, यावरून अंदाज घ्या. ही माणसं श्वास घेत शांत बसलेली होती हे खरं, आणि निरोगी होती हेही खरं. पण ज्या मशीनने फट मिटेल म्हणून पैसे मोजायचे, ते एका मांडणीत फट वाढवतंय, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

म्हणून सगळंच थोतांड म्हणायचं का? तसंही नाही. हॅनोव्हरच्या टोक आणि श्ट्राक यांनी २००८ मध्येच एका बाजूची नस दुखावलेल्या पेशंटांचे दोन गट केले. एकाला आवाजाचे व्यायाम, दुसऱ्याला व्यायाम अधिक वीज. दुसऱ्या गटात स्वरतंतूंची कंपनं जास्त नियमित झाली. पण नीट वाचा, तिथे पेशंट वीज लागत असताना स्वर काढत होता, स्वतः कष्ट करत होता. टीव्ही बघत वीस मिनिटं चकत्या लावून बसणं ते नव्हे. आणि ब्राझीलमध्ये २०१५ च्या एका अभ्यासात स्वरतंतूंवर गाठी आलेल्या बायकांना सेकंदाला १० ठोक्यांची सौम्य वीज (दुखण्यावर देतात ती, टेन्स) दिली, तर आवाजातला ताण आणि घशातली अस्वस्थता कमी झाली. तिथे काम आखडलेले स्नायू सैल करण्याचं होतं, बंद तंतू हलवण्याचं नाही. एकच चकती, दोन अगदी उलटी कामं. (मानेच्या बाजूला नाडी लागते तिथे चकती लावू नये, आणि पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावू नये. तिथून हृदयाचे ठोके गडबडू शकतात.)

आता खरी खोच. ताणली गेलेली नस पुष्कळदा आपोआप सुधारते. सहा महिने, कधी वर्ष. मग त्या काळात जे काही कराल त्याला यश! सर्व्हर बंद पडला, कुणी तीन वेळा रीस्टार्ट केला, कुणी केबल हलवली, कुणी उदबत्ती लावली, आणि तेवढ्यात टेलिफोनवाल्यांनी लाइन दुरुस्त केली. लाइन आल्यावर उदबत्तीवालाच म्हणणार, बघा. आता पाचवा महिना चालू आहे आणि मामांचा आवाज थोडा भरलाय, एका श्वासात अर्धं वाक्य येतं. भाऊ म्हणतो करंट (अकरा दिवस झाला होता, मग बंद केला). मामी म्हणतात बासरच्या सरस्वतीचा नवस. मला वाटतं नस आणि नांदेडच्या थेरपिस्ट बाईंनी दिलेले व्यायाम, जे ते रोज पहाटे गच्चीवर करतात. तिघांपैकी कुणाकडेही पुरावा नाही. मामीशी वाद घालायची माझी हिंमतही नाही.

आणि नस नाहीच सुधारली तर? वर्षभर थांबून न हलणारा तंतू मध्ये ढकलून ठेवायचा. हा विचारही जुना, १९११ मध्ये ब्रूनिंग्सने तंतूत पॅराफिन टोचून पाहिलं होतं. १९७४ मध्ये जपानच्या नोबुहिको इश्शिकी यांनी जास्त सुबक वाट काढली. कंठमण्याच्या कूर्चेला बाहेरून छोटी खिडकी पाडायची आणि तिथून एक पाचर आत सरकवायची, की निजलेला तंतू मध्ये येतो आणि धडका तंतू त्याला येऊन भिडतो. हे ऑपरेशन पेशंटला जागं ठेवून, फक्त जागा बधिर करून करतात. सर्जन पाचर थोडी आत सरकवतो आणि पेशंटला आकडे मोजायला सांगतो. जास्त झालं तर आवाज चिरका येतो, कमी पडलं तर हवा सुटते. मग परत सरकवतो, परत मोजायला लावतो, आणि टेबलावर पडल्यापडल्या पेशंटच सांगतो की हा माझा आवाज आहे का नाही.